‘ठीक आहे’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक अपघात झाला. तसा छोटाच, पण त्याला कारण आम्ही स्वतः होतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या अम्मींच्या पायांना सूज येते. त्यासाठी एक गोळी चालू आहे. रक्ताचा तपास झाल्यावर दवाखान्यातून फोन आला, तेव्हा आम्ही एस.टी. स्टँडवर उभे होतो. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, त्यात शनिवारची गर्दी. पलीकडून सांगितले गेले, “सुजेची गोळी आता दिवसाआड एक.” आम्ही ऐकले, “दिवसाला एक.” आणि सवयीप्रमाणे म्हणालो, “ठीक आहे, ठीक आहे.” घरी येऊन मुलीला बजावले, “दादीला रोज एक गोळी आठवणीने दे.” मुलगी आज्ञाधारक. एक दिवस चुकवला नाही.

नवव्या दिवशी फजरच्या वेळी अम्मी वजू करून उठल्या आणि चक्कर येऊन पडल्या. अल्हम्दुलिल्लाह, हाड मोडले नाही. कोपर सुजले आणि आठवडाभर बिछाना धरावा लागला. डॉक्टरांनी गोळ्यांचे पाकीट पाहिले, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि एवढेच विचारले, “दिवसाआड सांगितले होते ना?” आमच्याकडे उत्तर नव्हते. उर्दू शाळेत वीस वर्षे मराठी शिकवणारा माणूस, ‘दिवसाआड’ आणि ‘दिवसाला’ यांतला फरक मुलांना फळ्यावर लिहून देणारा, तिथेच चुकला.

अम्मींच्या अयादतीला आमचा एक जुना विद्यार्थी आला होता. तो आता एका विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहे. उंच मनोऱ्यात बसून वैमानिकांना रेडिओवरून सूचना देतो. सगळी हकीकत ऐकून तो अदबीने म्हणाला, “सर, आमच्याकडे ‘ठीक आहे’ हे उत्तरच धरत नाहीत. जे ऐकले ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवावे लागते.” त्या संध्याकाळी तो बराच वेळ बोलत बसला. त्याने सांगितलेल्या गोष्टींबद्दल आम्ही पुढे पुष्कळ वाचलेही. ते सारे वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण विमानात आपण वर्षातून एखाद्या वेळीच बसतो, पण ‘ठीक आहे’ दिवसातून पन्नास वेळा म्हणतो.

पद्धत अशी आहे. नियंत्रक सांगतो, अमुक विमानाने अमुक उंचीवर यावे. वैमानिक ती उंची आणि आपल्या विमानाचे नाव परत उच्चारतो. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. पण काम तेवढ्याने संपत नाही. वैमानिकाने परत म्हटलेले बरोबर आहे की नाही, हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे असते. त्याला ‘हिअरबॅक’ म्हणतात. सांगणे, परत म्हणणे आणि ते तपासून ऐकणे, या तिन्ही गोष्टी झाल्या तरच निरोप पोहोचला असे धरले जाते. ‘रॉजर’ हा शब्द सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ ‘तुमचे बोलणे मिळाले’ इतकाच. ‘हो’ असाही नाही आणि ‘परवानगी आहे’ असाही नाही. आकडेसुद्धा मुद्दाम वेगळे उच्चारतात. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत एकसारखे ऐकू येतात, म्हणून पाचाला ‘फाइफ’ आणि नवाला ‘नायनर’ म्हणायचे. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द ठरलेले. यांतला प्रत्येक नियम ऐकायला पोरकट वाटेल. पण अशा नियमांमागे कितीतरी जनाजे आहेत.

१९ फेब्रुवारी १९८९. ‘फ्लाइंग टायगर’ कंपनीचे एक मालवाहू जंबो विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होते. नियंत्रकाला सांगायचे होते, २,४०० फुटांपर्यंत खाली या. त्याने आकडे सुटे सुटे उच्चारले, “टू फोर झिरो झिरो.” इंग्रजीत दोनाला ‘टू’ म्हणतात आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्दही ‘टू’च. वैमानिकाने पहिला ‘टू’ आकडा म्हणून घेतलाच नाही. त्याने ऐकले, ‘फोर झिरो झिरोपर्यंत’, म्हणजे ४०० फूट. आणि त्याने ते परत म्हटलेही, “ओके, फोर झिरो झिरो.” चूक उघड उघड कानावर पडली होती, पण नियंत्रकाने ती पकडली नाही. विमान डोंगरावर आदळले आणि त्यातले चारही कर्मचारी मरण पावले. इथे वैमानिकाने परत म्हणण्याचे काम केले होते. ऐकणाऱ्याने तेच ऐकले जे त्याच्या मनात आधीपासून होते. उंची सांगताना नुसते सुटे आकडे न म्हणता ‘दोन हजार चारशे फूट’ असे ‘हजार’ आणि ‘शे’ लावून बोलायचे, हा नियम किती मोलाचा आहे, ते यावरून कळते.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात विचारतो, “समजले?” पन्नास मुले एका सुरात म्हणतात, “हो सर!” आणि आम्ही पान उलटतो. म्हणजे आमचाही हिअरबॅक कच्चाच.

या विषयातली सर्वांत मोठी दुर्घटना २७ मार्च १९७७ ची. अटलांटिक महासागरात स्पेनच्या ताब्यात कॅनरी बेटे आहेत. त्यांतल्या एका बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, म्हणून तिकडे निघालेली विमाने शेजारच्या टेनेरिफ बेटावर वळवली गेली. तिथला विमानतळ लहान; उभी राहायला जागा पुरेना. त्यामुळे उड्डाणासाठी निघालेल्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत तिच्या टोकाला जावे लागत होते. त्यात दाट धुके उतरले. मनोऱ्यातून धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडारही तिथे नव्हते. जे काही होते ते रेडिओवरचे शब्द.

हॉलंडच्या ‘केएलएम’ कंपनीचे जंबो धावपट्टीच्या टोकाला वळून उभे होते. अमेरिकेच्या ‘पॅन ॲम’चे जंबो त्याच धावपट्टीवरून मागून येत होते, त्याला वाटेतल्या एका फाट्यावरून बाहेर पडायचे होते. केएलएमला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे त्याची सूचना मिळाली. ही मार्गाची सूचना होती, उड्डाणाची परवानगी नव्हे. पण तिच्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता. सहवैमानिकाने सूचना परत म्हटली आणि शेवटी इंग्रजीत जोडले, “वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.” याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घ्यायचा, की ‘आम्ही उड्डाण करतो आहोत’ असा? नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. कॅप्टनने तर विमान सोडलेही होते. काही भाषाभ्यासकांच्या मते बोलणाऱ्याने आपल्या डच भाषेच्या वळणाने इंग्रजी वाक्य रचले होते. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या आपल्या मुलांकडून हे रोज घडते.

नियंत्रक म्हणाला, “ओके.” क्षणभर थांबून पुढे म्हणाला, उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक घाईने सांगू लागला की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. त्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा कर्कश आवाज होतो. केएलएमच्या वैमानिकांना स्पष्ट ऐकू आला तो फक्त पहिला शब्द, ‘ओके’. ‘थांबा’ आणि ‘आम्ही अजून इथेच आहोत’ हे दोन्ही जीव वाचवणारे निरोप एकमेकांत बुडाले.

तरीही एक संधी उरली होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारले, ते पॅन अमेरिकन अजून बाजूला झालेले नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झाले आहे की. हा कॅप्टन त्या कंपनीतला नामांकित माणूस, जंबो विमाने चालवायला इतरांना शिकवणारा. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. केएलएममधले सर्व २४८ आणि पॅन ॲममधले ३३५. वाचले ते ६१, सगळे पॅन ॲममधले.

हे वाचताना आम्हाला मशिदीतली तरावीह आठवली. रमजानमध्ये इमाम साहेब कुरआन पढत असतात आणि पहिल्या सफमध्ये एक सामे कान लावून उभा असतो. एखादी आयत सुटली, जेर-जबर चुकला, की तो लुक्मा देतो. तो सामे कधी कधी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असतो आणि इमाम त्याच्या वडिलांच्या वयाचे. तरी इमाम साहेब रागावत नाहीत. मागे येतात, दुरुस्त करतात आणि पुढे पढतात. लुक्मा देण्यात बेअदबी नाही आणि घेण्यात कमीपणा नाही, हे तिथे सर्वांना मान्य असते. टेनेरिफला लुक्मा दिला गेला होता. तो घेतला गेला नाही आणि दुसऱ्यांदा द्यायची हिंमत झाली नाही. पुढे विमान कंपन्यांनी याचेच प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाने न कचरता बोलावे आणि कॅप्टनने त्याचे ऐकावे, हे तिथे शिकवले जाते. ‘टेकऑफ’ हा शब्दही आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात.

बोलायची हिंमत झाली, पण नेमका शब्द सापडला नाही, तर काय होते? त्याचे उदाहरण २५ जानेवारी १९९० चे. कोलंबिया देशातून ‘एव्हिआंका’ कंपनीचे विमान न्यूयॉर्कला येत होते. हवा खराब, गर्दी भरपूर. विमानाला वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी मिळून तासाभराहून अधिक वेळ घिरट्या घालत थांबवले गेले. इंधन संपत आले. सहवैमानिकाने सांगितले, आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी, म्हणजे प्राधान्य हवे. पहिल्यांदा उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला सांगितले, आपली आणीबाणी आहे असे कळव. सहवैमानिकाने रेडिओवर दिशेची सूचना परत म्हटली आणि तिच्या शेवटी हळूच जोडले की आमचे इंधन संपत चालले आहे. ‘इमर्जन्सी’ हा शब्द किंवा ‘मेडे’ ही संकटाची हाक त्याच्या तोंडून आलीच नाही. तो शब्द आला असता तर नियंत्रकांनी बाकीची विमाने बाजूला सारून त्याला आधी उतरवले असते. विमान न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कोसळले आणि त्यातल्या १५८ पैकी ७३ जण मरण पावले.

आपल्या घरातली बुजुर्ग माणसे, विशेषतः आपल्या आया-बहिणी, असेच बोलतात. छातीत कळ येत असते आणि म्हणतात, “जरा बरे वाटत नाही.” सून म्हणते, “वेळ मिळाला तर दवाखान्यात जाऊ या.” दुसऱ्याला तसदी नको, ही भावना चांगलीच आहे, पण काही प्रसंगी साधा, सरळ, कठोर शब्दच उच्चारावा लागतो.

आता आपल्याच देशातली घटना. १२ नोव्हेंबर १९९६ ला आम्ही ज्युनिअर कॉलेजात होतो. रात्रीच्या बातम्यांत आले की सौदीला निघालेले विमान पडले. आमचा मोहल्ला कोकणातला; घराआड घरातला एक माणूस सौदी, कुवेत नाहीतर दुबईला. विमान दिल्लीहून निघाले होते आणि आमची माणसे मुंबईहून जातात, हे समजावून सांगायला कोणी धड शुद्धीवर नव्हते. एस.टी.डी. बूथपुढे मध्यरात्रीपर्यंत रांग होती. दोन दिवसांपूर्वी शेजारचे खालू दम्मामला परतले होते. त्यांचा आवाज फोनवर ऐकेपर्यंत खाला मुसल्यावरून उठल्या नाहीत. खालूंचा फोन लागला. पण त्या विमानातल्या माणसांच्या घरी फोन लागणार नव्हता. रोजगारासाठी सौदीला निघालेले कितीतरी भारतीय त्यात होते.

झाले ते असे. सौदी एअरलाइन्सचे जंबो दिल्लीहून दहरानला निघाले होते. कझाकस्तानचे एक विमान समोरून दिल्लीत उतरायला येत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर ठेवले होते, कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये हजार फुटांचे अंतर. कझाक विमानातून निरोप आला की आम्ही १५,००० वर आहोत. प्रत्यक्षात ते त्याखाली उतरले होते आणि अजून उतरतच होते. त्या काळी दिल्लीत वापरात असलेल्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच खरी धरावी लागे. कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा कर्मचारी होता. उंची दाखवणारे यंत्र त्याच्यापुढे नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते पाहावे लागे. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमाने आकाशात धडकली. दोन्हींतले मिळून ३४९ जण गेले. एकही वाचला नाही. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरल्याचा दोष कझाक वैमानिकांकडे गेला. त्यांचे इंग्रजी कच्चे असल्याचाही उल्लेख झाला. यानंतर आपल्या देशात विमानांमध्ये टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

भाषेचा प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्या सहा पायऱ्या आहेत. किमान चौथी गाठावी लागते आणि चौथीवर असलेल्याला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसवतात. भाषा एकदा आली म्हणजे कायमची आली, असे तिथे मानत नाहीत. आमच्या शाळेतलेच उदाहरण देतो. उर्दूत ‘कल’ हा गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. मराठीत ‘काल’ म्हणजे गेलेलाच. “अर्जाची शेवटची तारीख कल” असा अर्धवट निरोप घरी गेला आणि वडिलांनी तारीख उलटून गेली असे समजून अर्ज भरलाच नाही. त्या मुलीची शिष्यवृत्तीची परीक्षा एका शब्दापायी हुकली. तेव्हापासून आम्ही वर्गात ‘कल’ न म्हणता वार आणि तारीख सांगतो.

वाचकहो, आपल्या बऱ्याच घरांत दोन-तीन भाषा एकत्र नांदतात. अम्मी कोकणी बोलतात, मुले उर्दू शिकतात, दवाखाना-कचेरी मराठीत, औषधांचे पाकीट इंग्रजीत. ही आपली दौलत आहे. पण निरोप एका भाषेतून दुसरीत जाताना सांडतो, हेही खरे. म्हणून आमच्या घरी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. औषध, पैसे, तारीख आणि पत्ता या चार बाबतींत ‘ठीक आहे’ म्हणायचे नाही. ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. सांगणाऱ्याने ते कान देऊन ऐकायचे, लगेच फोन ठेवायचा नाही. आणि घरातल्या धाकट्यातल्या धाकट्याला शंका आली तर त्याने टोकायचे. त्याला कोणी “तू गप्प बस” म्हणायचे नाही.

हा तिसरा नियम आम्हालाच सर्वांत जड गेला, हे कबूल करतो. कारण मुलीने नंतर सांगितले, “अब्बा, आधी दोन गोळ्या होत्या, मग रोज एक कशी, दादीला तर थकवा येतोय, असे मला पाचव्या दिवशी वाटले होते. पण तुम्ही सांगितलेले म्हणून विचारले नाही.” टेनेरिफचा तो इंजिनिअर आमच्याच घरात होता, आणि कॅप्टन आम्ही होतो.

अम्मी आता बऱ्या आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवसाआड खुणा केल्या आहेत. परवा आम्ही दवाखान्यातून येऊन नवी सूचना सांगितली. अम्मींनी शांतपणे ऐकून घेतली, मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “अब्बाने काय सांगितले, ते तू मला सांग.” मुलीने सांगितले. अम्मींनी आमच्याकडे पाहिले. “बरोबर?” आम्ही म्हणालो, “बरोबर.” मगच त्यांनी गोळी तोंडात टाकली.